नाकातली नळी

१४ नोव्हेंबर, दोंडाईचा
जळगावचं नर्सिंग संपतंय तोच नोकरी! स्टेशनवर खुद्द अमृतलालशेठ घ्यायला आले. खाली कापडाचं दुकान, वर घर, आणि मला स्वतंत्र खोली. स्वयंपाकाच्या झुंबरबाईंनी आल्याआल्या दालबाटी वाढली, वर तुपाची धार. पेशंट म्हणजे शेठजींच्या आई, प्रेमकुंवरबाई. वय चौऱ्याऐंशी, पोटाचा कॅन्सर. नशिराबादला आईला फोन करून सांगितलं, पोरगी मजेत आहे.

१६ नोव्हेंबर
आजी औषध घेत नाहीत. जेवणही सोडलंय. माझा हात हळूच बाजूला सारतात आणि हसतात. आज उशीखालचा कागद दाखवला. त्यांच्याच अक्षरात: मी शुद्धीत संथारा घेते आहे, अन्न-औषध सोडून शांतपणे देह ठेवणार आहे, कुणी जबरदस्ती करू नये. खाली सही. हे जैनांचं व्रत. आम्ही बौद्ध, आमच्यात असलं काही नसतं. मला पटलं नाही. पण मला वाचता येतं.

१९ नोव्हेंबर
डॉक्टरांनी आजींच्या नाकातून पोटात नळी घातली. शेठ म्हणाले, आईला आता काही कळत नाही. खोटं! काल त्यांनी सातही नातवंडांची नावं मला क्रमाने सांगितली. खरं कारणही शेठनीच सांगून टाकलं. तीस तारखेला संयमचं, नातवाचं, लग्न आहे, तोवर घरात सुतक नको. मिठाईची ऑर्डर द्यावी तसं बोलले.
आजींनी नळी उपसली. डॉक्टरांनी पुन्हा घातली आणि मला हात बांधायला सांगितले.
मी बांधले.

२२ नोव्हेंबर
संध्याकाळी सातला नळीतून दूध सोडायचं. साठ वर्षं या बाईने सूर्यास्तानंतर पाणीसुद्धा घेतलेलं नाही. भिंतीवरचं ऊन उतरू लागलं की त्यांचे डोळे मोठे होतात. दूध नळीतून सरकत येताना बघत राहतात.
मी माफी मागितली. घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, "मी नको म्हणते ते कुणी ऐकत नाही. तू म्हण ना, बेटा."

२६ नोव्हेंबर
दूध टिकत नाही. तोंडातून परत येतं, काळं. पाय सुजून कातडी फुटली आहे. आणि तरीही छाती हलतेय.
झुंबरबाई दारात रडत होत्या. "तिले जानं शे माय, ह्या लोके जाऊ देतस नई."
डॉक्टरांना फोन केला. म्हणाले, तीसपर्यंत खेचा. खेचा! बैल आहे का ती?

२९ नोव्हेंबर
हळद. आजींना केशरी साडी नेसवली. गालांना लाली. नळी पदराखाली, बांधलेले हात शालीखाली. पाहुणे ओळीने पाया पडले, फोटो काढले. शाल सारखी करणाऱ्या एका बाईचं बोट आजींनी पकडलं. सोडेनात. ती हसली — म्हणे, आशीर्वाद देताहेत!
मी ओरडले. सगळ्यांसमोर कागद वाचला. कुणीतरी बँडवाल्यांना खूण केली —

३० नोव्हेंबर, सकाळ
मी नळी काढली. हात सोडले. आजींनी माझ्या गालावर हात ठेवला. तेवढ्यात शेठ —
मला माझ्या खोलीत कोंडलंय. मोबाईल नेला.

दुपार
भिंतीपलीकडे आजी. नको, नको. मग घुसमट. मग काहीच नाही. नळी पुन्हा घातली —
दाराबाहेर शेठ पाहुण्यांना सांगताहेत, नर्सच्या डोक्यावर परिणाम झालाय. डॉक्टर आलेत. सुई देऊन शांत करतो म्हणतात.
मी शुद्धीत आहे. मला सुई नको. मोठ्याने सांगितलं. तीनदा. कडी काढताहेत — हात धरा म्हणतात — मी नको म्हट