स्वेल म्हणजे नुसती मोठी लाट नव्हे

३ ऑक्टोबर

चिठ्ठी परत आली! लाल शाईत शेरा – ‘मोठी म्हणजे किती? दारापर्यंत की छपरापर्यंत?’ मुख्य संपादकांचं अक्षर. लाटांचे सतरा इंग्रजी शब्द माझ्या वाट्याला आलेत. मी स्वेलसमोर लिहिलं ‘मोठी लाट’, बिलोसमोर ‘मोठी लाट’, सर्जसमोरही तेच. आमच्या शब्दकोशाच्या कचेरीत नुसता अर्थ लिहून भागत नाही. तो शिपाईकाकांना वाचून दाखवायचा – त्यांना इंग्रजीचा गंध नाही. ऐकून त्यांना ती गोष्ट डोळ्यांसमोर दिसली, तरच चिठ्ठी पास. आज म्हणाले, ‘ताई, तुम्ही एकच लाट मला तीनदा खपवताय.’

मी समुद्र पाहिलाय तो बंदराच्या फाटकातून, ह्यांना सोडायला जायचे तेव्हा. तेवढाच.

म्हणून संध्याकाळी ह्यांनाच विचारलं. एकतीस वर्षं जहाजावर काढून हे घरी आले, त्याला आठ महिने झाले. आठ महिन्यांत आमचं बोलणं म्हणजे ‘चहा ठेवू?’ आणि ‘ठेव.’ त्यात कंपनीचं पत्र आलंय – आणखी एक वर्ष येता का, वीस तारखेपर्यंत कळवा. बॅग माळ्यावरून खाली आलीय. मी विचारलं नाही, ह्यांनी सांगितलं नाही.

पण स्वेल म्हटल्याबरोबर पेपर खाली ठेवला! ‘लांब कुठेतरी वारा सुटतो. तो केव्हाच पडतो. लाट मात्र चालत राहते, दिवसच्या दिवस. जिथे पोचते तिथे पानही हलत नसतं.’ मी ओले हात घेऊन तशीच उभी.

४ ऑक्टोबर

स्वेल पास. काकांनी डोळे मिटून ऐकलं. ‘म्हणजे भांडण मिटल्यावरही घरात जे राहतं, तसं,’ म्हणाले. संपादकांनी ते छापायला घेतलं नाही. मी इथे घेते.

ठरवलंय – रोज एकच शब्द विचारायचा. एकदम विचारले तर दोन दिवसांत संपतील आणि हे बॅग उचलतील. लबाडी आहे. असू दे.

७ ऑक्टोबर

ट्रफ. दोन लाटांमधला खळगा. त्यात उतरलं की शेजारचं जहाज दिसेनासं होतं, म्हणाले.

‘भीती नाही वाटायची?’

‘मोजायचो. अकरापर्यंत गेलं की ते परत वर यायचं.’

सांगताना मांडीवरची चादर हाताने खाली-वर करत होते. मी बघत राहिले. खोली हलली, खरंच! भिंतीवरचं घड्याळ आधी वर गेलं, मग खाली. जेवायचं राहूनच गेलं.

१० ऑक्टोबर

रिपल. बशीतल्या चहावर फुंकर घालून दाखवली. पास!

१३ ऑक्टोबर

स्वप्न पडलं. कचेरीत चिठ्ठ्यांचे खण उघडतेय आणि प्रत्येक खणात पाणी. एकात संथ, एकात फेसाळलेलं, एकातलं काठावरून सांडायच्या बेतात. हे कपाटावर पाय सोडून बसलेत आणि एकेकाचं नाव सांगताहेत. काही भिजत नाहीये. जाग आली तरी बराच वेळ पलंग हलका हलका वाटत होता.

मग राग आला. एवढं सगळं या माणसाच्या पोटात, आणि एकतीस वर्षं पत्रात काय? ‘मी बरा आहे. तब्येत सांभाळ.’ सकाळी मुद्दाम बिनसाखरेचा चहा दिला. निमूट प्यायले!

१६ ऑक्टोबर

वेक. जहाजामागे पाण्यावर उमटत जाणारी लाटांची वाट.

‘निघताना मागच्या कठड्याशी उभा राहायचो. ती पुसली जाईपर्यंत.’

‘दर खेपेला?’

‘दर खेपेला.’

मी तोवर घरी पोचलेली असायचे. पाठ फिरवून, बस पकडून. मला वाटायचं, हे सुटले एकदाचे! आत जाऊन रडले. चिठ्ठी उद्या लिहीन.

२० ऑक्टोबर

सतरावी चिठ्ठी पास झाली. संपादक स्वतः ‘छान’ म्हणाले. मला काही छान वाटलं नाही.

घरी आल्यावर ह्यांनी खुर्ची ओढली. ‘आज कुठला?’

‘संपले.’

‘अस्सं.’ मग चपला घालून बाहेर पडले – कंपनीला कळवायला, दुसरं काय! सतरा शब्दांचे अर्थ लिहिले मी. ‘जाऊ नका’ एवढं तोंडातून फुटलं नाही.

२१ ऑक्टोबर

हे अंघोळीला गेले होते. कंपनीतून फोन – जुन्या कागदांवर सही हवी होती. मी धीर करून विचारलं, निघायचं कधी? पलीकडची बाई गोंधळली. ‘त्यांनी तर चार तारखेला सकाळीच नकार कळवला.’

हे बाहेर आले. फोनचं नाव न काढता मीच खुर्ची ओढली. म्हटलं, ‘अहो, वाऱ्याचे शब्द राहिलेत.’

‘पुष्कळ आहेत ते,’ केस पुसत म्हणाले. ‘आपल्याला पुरतील.’