नंदाला जोडलेले हात

रविवार, संध्याकाळ. लोणावळा

आमच्या कॉलेजच्या बॅचचा मेळावा आज कामशेतजवळच्या फार्महाउसवर झाला. टेबलावर नंदाचा हार घातलेला फोटो होता. ती गेल्याचं दिवाळीत कुणीतरी ग्रुपवर टाकलं, तेव्हा सगळ्यांनी खाली जोडलेले हात टाकले. मीही टाकले. तिच्या घरी एक फोन करायला काय झालं होतं मला?

श्रद्धांजलीला दोन मिनिटं उभे राहून आम्ही डोळे उघडले, तर नंदा दारात. कान्हे स्टेशनला उतरून रिक्षाने आलेली. मेळावा भरवणाऱ्या विलासने घाईघाईने फोटो उलटा केला. नावाचा गोंधळ झाला असणार, म्हणाला.

मी तिला बाजूला घेतलं. "अगं, तू ग्रुपवर आहेस ना? मग तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"वाचलं की मी," ती शांतपणे म्हणाली. "पण एवढ्या जणांनी हात जोडले. म्हटलं, असेल."

पोटभर जेवली. जाताना फोटो हारासकट पिशवीत घातला. निदान हार तरी आम्ही काढायला हवा होता.

ती गेल्यावर आम्ही सगळ्यांनी मिळून आमचा एक फोटो काढला. तो आत्ता ग्रुपवर आलाय.

खाली पहिले जोडलेले हात नंदाचे आहेत.