मिनीबसमधला मामा

प्रति,
मा. सचिव,
प्रवासी वाहतूक देखरेख उपसमिती,
चिवांगा जिल्हा परिषद, चिवांगा.

विषय : मला खोटा प्रवासी ठरवल्याबद्दल तक्रार, व त्यातून उद्भवलेली विनंती.
संदर्भ : आपल्या निरीक्षकांनी ८ जून रोजी स्टँडवर केलेली तपासणी.

महोदय,

मी, खाली सही करणार लायसन कापलामुला, न्यायालयातील निवृत्त कारकून, आपणास सविनय, परंतु संतापाने कळवतो ते येणेप्रमाणे.

आपल्या स्टँडवरची मिनीबस भरल्याशिवाय हलत नाही, आणि रिकाम्या मिनीबसमध्ये कोणी चढत नाही. म्हणून एजंट लोक भाड्याची माणसे आत बसवतात. गाडी भरल्यासारखी दिसते, खरा प्रवासी घाईने चढतो, आणि एक बसवलेला माणूस हळूच उतरून मागच्या गाडीत जाऊन बसतो. यात आजवर कोणाचे काही बिघडले नव्हते. या मंडळींतले ज्येष्ठ म्हणजे श्री. जोफिलिसी म्बेवे. ते कोट घालून पुढच्या रांगेत बसतात आणि घड्याळाकडे पाहून असा त्रासिक चेहरा करतात की बघणाऱ्याला वाटावे, गाडी सुटलीच.

सदर दिवशी मला लिफुंगा येथे माझा भाचा लिंबानी याच्या चिंखोस्वेला, म्हणजे लग्न जुळवण्याच्या विधीला, जायचे होते. मामाशिवाय लग्न जुळत नाही, हे आपणास सांगणे म्हणजे माशाला पोहायला शिकवणे. मुलाच्या मामाने कोंबडा द्यायचा, मुलीच्या मामाने कोंबडी, आणि पुढे जन्मभर त्या जोडप्याची भांडणे याच दोघांनी मिटवायची. माझी बहीण गेल्यापासून लिंबानी माझ्याच घरी वाढला. या मानाची मी तो रांगत होता तेव्हापासून वाट पाहत होतो.

मी मांडीवर कोंबडा घेऊन सकाळीच गाडीत बसलो. माझ्याखेरीज सगळे बसवलेले होते. बऱ्याच वेळाने आपले निरीक्षक श्री. कंबालामे आले आणि ओरडले, "खोट्यांनी मुकाट्याने खाली उतरा!" कोणीही उतरले नाही. तेव्हा त्यांनी एकेकाची चौकशी सुरू केली. एक बाई म्हणाली, "साहेब, आई शेवटच्या घटका मोजतेय हो, मला नका उतरवू!" आणि तिने खरोखरीचे अश्रू काढले. दुसरीच्या मांडीवर उसने आणलेले पोर होते, तेही वेळेवर रडले. श्री. म्बेवे यांनी नुसते घड्याळ पाहून उसासा टाकला, तर साहेबांनी त्यांचीच माफी मागितली. मग मला विचारले, "काका, कधीपासून बसलाय?" मी आयुष्यभर कोर्टात बसलेला माणूस, खरे तेच सांगितले. "सकाळपासून." यावर एजंट म्हणाला, "हाच तो, साहेब! रोज नवा कोंबडा आणतो."

मला खाली उतरवण्यात आले. कोंबडा पुरावा म्हणून जप्त झाला. माझ्या जागी एक मासेवाली चढली, आणि आता गाडी खऱ्या प्रवाशांनी भरली असल्याने ती नियमाप्रमाणे तत्काळ सुटली पाहिजे, असे म्हणून साहेबांनी स्वतः दार लावले. आतली मंडळी "थांबवा, उतरू द्या!" म्हणून काचा बडवत होती. ज्यांनी जन्मात स्टँड सोडला नव्हता, त्यांना जिल्हा परिषदेने लिफुंग्याला रवाना केले. मी मागे धावत ओरडलो, "म्बेवे, लिफुंग्याला सांगा, मामा मागच्या गाडीने येतोय!"

मागची गाडी भरलीच नाही, महोदय. ती भरल्यासारखी दाखवायला स्टँडवर एकही माणूस उरला नव्हता.

तिकडे न्सिमाचे, म्हणजे मक्याच्या उकडीचे, गोळे गारठून दगड झाले. मुलीचा मामा म्हणाला, "मुलाकडून चटईवर कोणी बसतंय, का आम्ही उठू?" लिंबानीने निरोप घेऊन आलेल्या कोटवाल्याकडे पाहिले. "आजोबा, जरा बसता का?" ज्याचा धंदाच बसण्याचा, त्याला बसा म्हटल्यावर तो काय करणार? बसला. शेजाऱ्याकडून आणलेला कोंबडाही मुलीच्या मामाला त्यानेच दिला. एकदा घड्याळाकडे पाहिले, तशी मुलीकडची भाषणेही आटोपली. ज्याने कोंबडा दिला तोच मामा, असा गावच्या मुखियाचा निवाडा आहे आणि तो बदलत नाही. मला रडू आले. अर्जात हे लिहू नये, पण लिहितो.

मागच्या आठवड्यात मी श्री. म्बेवे यांना जाब विचारायला स्टँडवर गेलो आणि त्यांच्या शेजारच्या सीटवर बसलो. तोंड उघडणार, तोच लिंबानी आणि त्याची बायको तियांजाने भांडत गाडीत चढली. "मामा, हा घरात शब्द बोलत नाही!" ती म्हणाली. म्हणाली म्बेवेंना. लिंबानीने माझ्याकडे पाहून मान खाली घातली. म्बेवेंनी सवयीने उसासा टाकला, पण पुढे काय करायचे ते त्यांना सुचेना. ते माझ्या कानाशी आले. "भाऊ, हा लहानपणी रुसला की तुम्ही काय करायचात?" मी म्हटले, "काही विचारू नका. नुसतं शेजारी बसायचं. तो आपणहून बोलतो." त्यांनी तोच निवाडा मोठ्याने सुनावला. ती दोघे स्टँडच्या भिंतीवर शेजारी जाऊन बसली आणि थोड्या वेळाने लिंबानी बोलू लागला. म्बेवेंनी मला चहा पाजला.

आता आपली सूचना लागली आहे की येत्या सोमवारपासून सर्व खोट्या प्रवाशांना स्टँडवरून हटवण्यात येईल. तरी विनंती की, बाकी कोणालाही हटवावे, परंतु श्री. म्बेवे यांना त्यांच्या सीटवर कायम ठेवावे, आणि शेजारच्या सीटवर माझी नेमणूक व्हावी. आपल्या दप्तरात मी खोटा प्रवासी म्हणून आधीच नोंदलेला आहे. ती नोंद कृपा करून खोडू नये.

उत्तराची वाट पाहणारा, आपला नम्र,

(सही)
लायसन कापलामुला
चिवांगा, दि. २४ जुलै

सोबत : लग्नाचा फोटो. कोटातले गृहस्थ मी नव्हे.