दहावं वाक्य

नांदूरघाट,
रविवार, १८ जानेवारी २०२६

प्रिय आक्का,

स्वप्नालीचा नमस्कार. इकडे सगळे खुशाल. आईचा गुडघा आता वाकतो. शेळी व्यायली, दोन पिलं झाली. तुझी ऋतुजा जोडाक्षरं वाचायला लागली आणि वर माझ्याच चुका काढते! फोन लावला की तिकडे अण्णा स्पीकर चालू करतात आणि ऊसतोडीची सगळी टोळी ऐकते. म्हणून हे पत्र बंकटमामांच्या हाती देतेय, ते परवा कारखान्याकडे निघालेत.

बुधवारी बीडला पोलीस भरतीचं माझं ग्राउंड आहे. रोज केज रस्त्याला पळते, ऋतुजा मैलाच्या दगडावर बसून आईच्या मोबाईलवर वेळ लावते. परवा भरतीचे सर म्हणाले, "डोक्यावर काय ठिवलंय का गं? मान हालतच न्हाई तुजी." म्हटलं, "चार हंगाम उसाच्या मोळ्या वाहिल्यात, सर." मग म्हणाले, "तशीच राहू दे. लई चांगली हाय."

कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या इंग्रजीला 'रन'वर दहा वाक्यं लिहून आणायची होती. इंग्रजांना एवढा एकच शब्द कसा पुरतो, देव जाणे. पोरगी रन करते, नळाचं पाणी रन करतं, दुकान रन करतात, निवडणुकीलाही रन, आणि सर्दी झाली की नाकसुद्धा. मी ऋतुजाचं नाक वाक्यात घातलं, म्हणून ती दिवसभर रुसली होती. नऊ झाली. दहावं 'रन अवे' घेतलं आणि पेन अडलं.

आक्का, दसऱ्यानंतर दारात ट्रक उभा होता. आईच्या जागी अण्णांच्या जोडीला ऊस तोडायला मी जायची होते आणि मी कपाशीत पळाले. तुला वाटत असेल, मी लांब गेले होते. मी बांधाला लागूनच बसले होते. अण्णा ओरडले, "पळपुटी हाय ही पोरगी!" आणि तू म्हणालीस, "असू द्या अण्णा, मी येते." मी सगळं ऐकलं. ऋतुजा रडत होती, तेही. तिच्या पहिलीसाठी तू यंदा दाजींबरोबर न जाता घरी राहणार होतीस. तरी मी उठले नाही.

तीन महिने फोनवर मी नुसतं शेळीचं बोलले. मला फार लाज वाटते गं.

बुधवारी जीव तोडून पळणार आहे. पण नंबर लागो न लागो, पुढच्या दसऱ्याला तू घरी राहायचंस. ट्रकात चढायची वेळ आलीच तर मी चढेन. अण्णांना मीच सांगेन.

आणि हंगाम संपून तुमचा ट्रक फाट्यावर आला की मी ऋतुजाला घेऊन तुझ्याकडे पळत येईन. 'रन अवे' खोडून दहावं वाक्य तेच लिहिलंय. इंग्रजी बरोबर आहे का, ते सर बघतील.

हाताला कोयता लागू देऊ नकोस.

तुझीच पळपुटी,
स्वप्नाली