उसनी शिवलीला

बसवनगुडी, बेंगळुरू
सोमवार, २ मार्च २०२६

प्रिय अभिराज अण्णा,

नमस्कार. आई आणि मी मजेत आहोत. तू मजेत असल्याचं दर रविवारी आईकडून कळतं, कारण फोन माझ्या हातात आला की तुझ्या बेळगावचं नेटवर्क नेमकं जातं. ऑगस्टपासून एका अख्ख्या शहराचं नेटवर्क एका बहिणीपुरतं जावं, हे नवलच. म्हणून हा कागद. तो मध्येच कापता येत नाही.

आधी बातम्या सांगते, त्या पोटात मावत नाहीयेत.

आपली रग्बी लीग बारा संघांची झाली. बारा, अण्णा. तू खांद्यावरून चुन्याची पोती वाहून मैदान आखायचास, तेव्हा मुलींचे चार संघ जमवताना तुझ्या नाकी नऊ यायचे. चौथा संघ तर अर्धा आपल्या शेजारपाजारच्या मुलींचा असायचा. आता पहिल्या डिव्हिजनमध्ये सहा आणि दुसऱ्यात सहा. म्हैसूरू आलं, हुबळी आलं. सर्जापूर रोडच्या अपार्टमेंटवाल्यांनी तर स्वतःचा संघ काढलाय, त्यांच्या सरावाला मुलींपेक्षा पाण्याच्या बाटल्या जास्त असतात, पण धावतात मात्र वाऱ्यासारख्या. पहिल्या डिव्हिजनचे सामने मोबाइलवर थेट दिसतात, वर कन्नडमध्ये धावतं वर्णन. स्क्रममध्ये दोन्हीकडच्या आठ-आठजणी एकमेकींना रेटायला लागल्या की तो वर्णन करणारा मुलगा "तळ्ळू, तळ्ळू" म्हणजे "ढकला, ढकला" असा काही ओरडतो, की आई स्वयंपाकघरातून विचारते, "कुणाची गाडी बंद पडली गं?"

गांधी बाजारातली फुलवाली मला ओळखायला लागलीय. हार बांधता बांधता पुढचा सामना कधी ते विचारते, "अक्का, मॅच यावाग?" राज्य संघ निवडणारी माणसं आता पहिल्या डिव्हिजनच्या सामन्यांना वही-पेन घेऊन येऊन बसतात. आपल्या आसपासच्या शाळांनी मुलींना रग्बी शिकवायला सुरुवात केलीय, आणि गेल्या महिन्यात एक बाई मला थांबवून म्हणाल्या, "माझ्या मुलीला घ्या, घरात नुसती भिंतींना धडका देते." मी म्हटलं, पाठवा, आम्हाला तेच लागतं.

हे सगळं लिहिताना तुझी आठवण येते आणि त्याच दमात तुझा रागही येतो. खरं तेच सांगते.

तुला वाटत असेल, ऑगस्टच्या बैठकीबद्दल मी माफी मागायला पत्र लिहितेय. तसं काही नाही. मी हात वर केला तो विचार करून केला होता. चार संघ होते तेव्हा तुझी रीत शोभायची: कुणाच्या मुली कमी पडल्या तर समोरच्या संघाने आपल्यातली एक उसनी द्यायची, आणि उसनी गेलेलीने तिकडून जीव तोडून खेळायचं. सामना झालाच पाहिजे, हा तुझा एकमेव धर्म. पण बारा संघ, दोन डिव्हिजन, वर चढणं, खाली उतरणं आलं की कोण कुणाची हे कागदावर पक्कं असावं लागतं. नाहीतर उद्या कुणीही ऐनवेळी राज्य संघातली मुलगी आणून उभी करेल. म्हणून उसनवारी बंद करायच्या ठरावाला कॅप्टन म्हणून मी क्लबचं मत दिलं. तू खुर्ची सरकवून उठलास, म्हणालास, "माणसं उसनी द्यायची बंद केलीत, आता लीग वाढवा आणि खेळ विसरा." आणि महिन्याभरात बदली मागून घेतलीस. लग्न झालेली मुलगी रुसून माहेरी जाते हे ऐकलं होतं, प्रशिक्षक रुसून बेळगावला जातो हे तुझ्याकडून कळलं.

आईचा गुडघा बरा आहे. तिने जिना उतरायचं सोडलंय आणि चढायचं सोडलेलं नाही, ते कसं जमवते विचारू नकोस.

बरं, शनिवार. टाळून टाळून किती टाळणार.

पहिल्या डिव्हिजनमध्ये शेवटची एक जागा उरली होती. आपण आणि महादेवपुरा, एक सामना, जिंकेल तो वर. मुलींनी दोन वर्षं याच सामन्यासाठी घाम गाळला. महानंदा अक्का आठवते ना, आपली सगळ्यात थोरली, शाळेत शिकवून संध्याकाळी दोन बस बदलून सरावाला येणारी? तिचा हा शेवटून दुसरा हंगाम. तिला पहिल्या डिव्हिजनमध्ये एकदा खेळायचं होतं. तिने तसं बोलून दाखवलं नाही कधी, पण तिच्याकडे बघून कुणालाही कळावं.

सामन्याच्या अर्धा तास आधी महादेवपुऱ्याची कॅप्टन आसावरी माझ्याकडे आली. ही मूळची पुण्याची, आता महादेवपुऱ्यातल्याच एका आयटी कंपनीत असते. चेहरा पडलेला. म्हणाली, "चंदना, लिसन. माझी एक प्रॉप तापाने पडलीय आणि दुसरीचं ऑफिसमधलं काम अडकलंय, तिचा फोनही लागत नाहीये. पुढच्या फळीत माझ्याकडे दोघीच ट्रेन्ड आहेत. तू वॉकओव्हर घे. इट्स फेअर."

स्क्रमच्या पुढच्या फळीत तिघी शिकलेल्या हव्यातच, नाहीतर मानेवर बेततं, हे तूच आमच्या डोक्यात ठोकून भरलंयस. नियमही आता तोच आहे, तिसरी नसेल तर सामना सोडायचा. म्हणजे न खेळता आपण वर. मी आसावरीकडे बघितलं, तिच्यामागे बूट बांधून तयार बसलेल्या तिच्या मुलींकडे बघितलं, आणि माझ्या तोंडून तुझा आवाज निघाला.

मी म्हटलं, "एक प्रॉप मी देते."

लीगचा सेक्रेटरी गुरुदत्त तिथेच उभा होता. तो कपाळाला हात लावून म्हणाला, "चंदना, ठरावाला मत तुझंच होतं." पुस्तक उघडून त्याने दाखवलं: परक्या क्लबची खेळाडू खेळवली आणि समोरच्या संघाने तीन दिवसांत हरकत घेतली, तर निकाल समोरच्या संघाच्या बाजूने. मी म्हटलं, समोरचा संघ मीच आहे, हरकत कोण घेणार? तो म्हणाला, "सरी, तुझी मर्जी."

आता शिवलीलाची ओळख करून देते, कारण ती तू गेल्यावर आली. मूळची निपाणीची, कॉलेजला कोल्हापुरात रग्बी खेळली, इथे बँकेत नोकरी. आपल्या पुढच्या फळीतली सगळ्यात भक्कम मुलगी. दुसरी कुणी दिली असती तर चाललं असतं का? तू म्हणायचास, उसना द्यायचा तर चांगला द्यावा, नासका नारळ देवाला वाहत नाहीत. मी तिला बाजूला घेऊन सांगितलं. ती म्हणाली, "अक्का, आधीच सांगून ठेवतो. मला ढकलायला येतंय. खोटं ढकलायला येत न्हाई." निपाणीच्या मुली "सांगतो, जातो" म्हणतात, हे तुला तिकडे राहून कळलंच असेल.

अण्णा, काय सामना झाला म्हणून सांगू. गवत दिसत नव्हतं इतकी धूळ. आम्ही मागे, मग पुढे, मग परत बरोबरीत. महानंदा अक्काने दोघींना अंगावर घेऊन त्यांच्या रेषेपलीकडे चेंडू टेकवला, ट्राय केला, तेव्हा सर्जापूर रोडवाल्या मुलीसुद्धा नाचत होत्या, आणि त्यांचा या सामन्याशी काही संबंध नव्हता. शेवटची दोन मिनिटं उरली तेव्हा आपण पंधरा गुणांवर, ते बारावर. आणि आपल्या रेषेपासून पाच पावलांवर स्क्रम, चेंडू त्यांचा.

मीही पुढच्या फळीतली, माझ्यासमोर नेमकी शिवलीला. तिचा खांदा माझ्या खांद्याला, कानाला कान. मी आयुष्यात कधी ढकललं नसेल तसं ढकललं. पाय मातीत रुतवले, तू शिकवलंस तसं पाठ सरळ ठेवली. तिने एकदा श्वास घेतला आणि मग माझ्याखालची जमीन मागे जायला लागली. आम्ही आठजणी मिळून आमच्याच रेषेच्या आत गेलो आणि वरून आसावरीने चेंडू टेकवला.

सतरा पंधरा. हरलो.

तर हे सांगायचं होतं. पहिली डिव्हिजन गेली, आणि ती आपल्याच मुलीच्या खांद्याने गेली. शिटी झाल्यावर शिवलीला रडत होती, मी तिला उठवलं आणि म्हटलं, आजपासून आपल्यातलं कुणी तुझ्याविरुद्ध बोललं तर माझ्याशी गाठ आहे. रिवाजाप्रमाणे जेवण आपल्याकडून होतं. आईने चित्रान्न आणि कोसंबरी केली होती. आसावरीच्या मुली आपल्या मुलींच्या शेजारी बसून जेवल्या. महानंदा अक्काने पानाला हात लावला नाही.

ती माझ्याशी बोलली ती जाताना. "तू कॅप्टन आहेस, मालक नाहीस. शिवलीलाला विचारलंस, आम्हाला विचारलंस का?" विचारलं नव्हतं. तिचं बरोबर होतं. मग म्हणाली, "तीन दिवस आहेत. हरकत घे."

अर्ध्या मुलींचं तेच म्हणणं आहे. हरकत घेतली तर आपण वर. नियम तसाच आहे आणि त्याला मत मीच दिलंय. उद्या संध्याकाळपर्यंत मुदत. खोटं कशाला सांगू, काल अख्खा दिवस मोह होत होता. अक्काच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.

पण मोहापेक्षा एक वेगळीच गोष्ट मला खात होती आणि ती कुणालाच सांगितलेली नव्हती. शुक्रवारी, म्हणजे सामन्याच्या आदल्या दिवशी, आई मला वाढता वाढता बोलून गेली, "त्याच्या मुली बऱ्या आहेत म्हणे. स्वल्प बुटक्या आहेत, पण जोर आहे." मी विचारलं, कुणाच्या मुली? तिने ताटात पळीभर सांबार जास्तच ओतलं. मग सगळं बाहेर आलं. दुसऱ्या डिव्हिजनमध्ये बेळगावचा जो नवा संघ आलाय, त्याचा प्रशिक्षक तू आहेस. लीग वाढली की खेळ मरतो म्हणणारा माझा अण्णा, माझ्याच लीगमध्ये संघ घेऊन आलाय, आणि मला सोडून सगळ्या घराला माहीत आहे. घर म्हणजे आई, पण तरी.

त्या रात्री मी इतकी खूश झाले की मला माझाच राग आला. कारण दुसऱ्या दिवशी जिंकलो असतो तर वर गेलो असतो आणि तू खाली राहिला असतास. हरलो तर तू समोर. हे माहीत असताना मी शिवलीला दिली. मग ती रीतीसाठी दिली, की तुझ्यासाठी? काल दिवसभर हाच किडा डोक्यात.

आज सकाळी मी महानंदा अक्काच्या शाळेत गेले, मधल्या सुट्टीत तिला फाटकाशी बोलावलं आणि हे सगळं जसंच्या तसं सांगितलं. म्हटलं, आता तू ठरव, तू सही कर म्हणालीस तर मी हरकतीवर सही करते. तिने हातावरचा खडू झटकला. मग माझा डावा खांदा दाबून बघितला. मी कळवळले. तिथे शिवलीलाने दिलेला काळानिळा डाग आहे, हाताएवढा. अक्का म्हणाली, "मुद्दाम हरणाऱ्या माणसाला असं लागत नाही. हरकत नको. शिवलीला आपली आहे, तिच्या खांद्याने गेलेली जागा अर्जाने परत मागितली तर ती पोर आपल्यात कशी राहील?" आणि मग हसली. "मला पहिली डिव्हिजन पुढच्या वर्षी हवी. शेवटचा हंगाम आहे, लक्षात ठेव. आणि त्याआधी तुझ्या अण्णाला धूळ चारायची."

तेव्हा हरकत नाही. गुरुदत्तला मघाशी फोन करून सांगितलं. आसावरीने पुढच्या बैठकीत ठराव आणायचं ठरवलंय: पुढच्या फळीपुरती उसनवारी पुन्हा सुरू, दोन्ही कॅप्टनांच्या संमतीने, लेखी. तुझी रीत आणि माझा कागद, दोन्ही एकदम. मी हात वर करणार आहे. तूही आता एका संघाचा प्रशिक्षक आहेस, तुझ्या क्लबलाही मत आहे, तेव्हा या वेळी खुर्चीवरून उठायचं असेल तर हात वर करायलाच ऊठ.

अण्णा, आपला पहिला सामना एप्रिलमध्ये, इथे, आपल्याच मैदानावर. बसवनगुडी विरुद्ध बेळगाव. मला तेव्हापर्यंत झोप लागेल असं वाटत नाही. मुलींच्या राहण्याची सोय आपल्या घरी आणि आजूबाजूला करतेय, आई आतापासून तांदूळ निवडायला बसलीय. तू हॉटेलात राहिलास तर ती तुला घरात घेणार नाही, आणि मी तिला अडवणार नाही.

एक शेवटचं. आई म्हणाली, तुझ्याकडेही पुढच्या फळीत दोघीच तयार झाल्यात. तिसरी एप्रिलपर्यंत उभी राहिली तर उत्तम. नाही राहिली तर सामना सोडायचा नाही. पण शिवलीला मिळणार नाही, ती एकदा जाऊन आली, आता तिला आपल्याकडून खेळू दे. महानंदा अक्का कॅप्टन होईल, हरकत घेणार नाही, तसं तिच्याकडून कबूल करून घेतलंय. तिसरी म्हणून मी येईन. तुझी जर्सी घालीन, तू सांगशील तिथे उभी राहीन आणि माझ्याच मुलींना जीव तोडून ढकलीन.

उसनी का होईना, तुझीच
चंदना