मेंढ्याचं पाणी

१४ सप्टेंबर, बुरैदा, सौदी अरेबिया

पोहोचलो बाबा एकदाचा! विमानतळावर मुनाफचाचा माझ्या नावाचा पुठ्ठा धरून उभे होते. मूळचे रत्नागिरीचे, इथे स्वयंपाकी. गाडीत बसल्या बसल्या विचारतात काय, तर श्रीवर्धनला यंदा बोंबील कसा आहे. माणूस उभा जन्म वाळवंटात काढो, कोकणी असेल तर पहिली चौकशी मासळीचीच करणार.

काम मोठं मजेचं आहे. आमचे कफील, म्हणजे मला व्हिसा देणारे मालक, अबू माजिद यांना शिकारीचं वेड. इथे मोठं जनावर मारायला बंदी, म्हणून हिवाळ्यात परदेशी जातात. गेल्या साली पामीरच्या डोंगरातला मेंढा मारला, पण शिंगं मनासारखी लांब नव्हती, म्हणून यंदा पुन्हा तिथेच. परवाना, बंदुकीचे कागद, विमान, वाटाड्या, सगळं मी जमवायचं. मुंबईत डोंगरीच्या ऑफिसात बसून लोकांना मक्केला उमऱ्याला पाठवत होतो, आता एका शेखला मेंढ्याकडे पाठवायचं. हौसेला मोल नाही म्हणतात ते उगाच नाही.

सहरला फोन केला. डिसेंबरअखेर तिचे दिवस भरतात. त्याआधी मला घरी सोडायचं अबू माजिदनी छातीवर हात ठेवून कबूल केलंय. बाळाच्या कानात अजान मीच देणार, असं तिला ठासून सांगितलं. ती म्हणाली की माझा आवाज ऐकून बाळ रडेल. रडू दे, बापाचा आहे.

१९ सप्टेंबर

आम्ही राहतो त्याला इस्तराहा म्हणतात, म्हणजे गावाबाहेरचं फार्महाऊस. भोवती खजुराची झाडं, मधे पाहुण्यांची मोठी बैठक, तिला मजलिस म्हणायचं. भिंतीवर हरणांची आणि रानबकऱ्यांची डोकी. गेल्या वर्षीचा मेंढा मात्र भिंतीवर नाही. त्याचं मानेसकट डोकं एका बुटक्या लाकडी ठोकळ्यावर, आपण गादीवर बसलो की तोंडासमोर येईल असं ठेवलंय. मान खाली घातलेली, तोंड जरा उघडं, जीभ दिसते. पेंढा भरणाऱ्यानं काम फक्कड केलंय, पण चेहरा असा की पाहुण्याला बिर्याणी जाऊ नये.

मला बकरी ईद आठवली. आमच्या घरी सुरी अब्बांची आणि पाणी माझं, लहानपणापासून. अब्बांचे नियम पक्के. सुरी जनावराला दिसू द्यायची नाही. तीन पाय बांधायचे, उजवा मागचा मोकळा सोडायचा. डाव्या कुशीवर, तोंड किबल्याकडे, म्हणजे मक्केकडे. पण सगळ्यात आधी पाणी. पाणी पिऊन जनावर आपणहून मान वर करतं, तो त्याचा होकार, असं अब्बा म्हणायचे. मग उशीर करायचा नाही.

तर आज चहा पिता पिता मी स्टीलचा एक वाडगा भरून त्या मेंढ्याच्या तोंडाखाली ठेवला आणि म्हटलं, घे रे बाबा, लांबून आलायस. एकटाच हसलो.

२ ऑक्टोबर

परवान्यानं नाकी नऊ आणलेत. बाहेरून येणाऱ्या शिकाऱ्यांसाठी ते लोक दर वर्षी मोजकेच मेंढे राखून ठेवतात, आणि तिथला माणूस वाटाड्या म्हणून घेतल्याशिवाय डोंगरात पाऊल टाकू देत नाहीत. बंदूक नेताना एक कागद, आणताना दुसरा, मेंढ्याचं डोकं आणायला तिसरा, आणि त्यावर ढोरडॉक्टरचा शिक्का. मेलेल्या मेंढ्याला डॉक्टर काय तपासणार, कपाळ! तिथला एजंट रशियनमध्ये लिहितो, मी मोबाईलवर त्याचं हिंदी करतो, आणि अबू माजिद म्हणतात बुकरा. बुकरा म्हणजे उद्या. इथला उद्या कधी उजाडतो ते अल्लालाच ठाऊक.

मेंढ्याचा वाडगा रिकामा होता. एसीची कोरडी हवा, आटलं असणार. पुन्हा भरला. आता रोजचाच खेळ झालाय, कामाला बसण्याआधी मेंढेमियांना पाणी.

१३ ऑक्टोबर

आज मुनाफचाचांनी मला वाडगा भरताना पाहिलं आणि त्यांच्या हातातला ट्रेच पडला. मला ओढत स्वयंपाकघरात नेलं. म्हणाले, तुला ठाऊक तरी आहे का, हे जनावर कसं मेलं?

गेल्या वर्षी ते स्वयंपाकाला बरोबर गेले होते. गोळी मेंढ्याच्या कमरेत लागली. मेला नाही, उताराखालच्या ओढ्याच्या काठी जाऊन पडला, पाण्यापासून हातभर अंतरावर. तोंड पाण्याकडे, जीभ बाहेर. वाटाड्या सुरी घेऊन पुढे झाला, पण फोटोसाठी ऊन यायचं होतं, तेव्हा अबू माजिदनी त्याला थांबवलं. दुपारपर्यंत ते जनावर तसंच पाण्याकडे बघत पडून होतं. कुणी पाणी दिलं नाही, कुणी बिस्मिल्ला म्हणून सुटका केली नाही. ते तहानेनंच मेलं.

मी म्हटलं, मग बरंच झालं, मी तरी पाजलं. चाचा माझ्यावर एवढे चिडले! म्हणाले, अरे शहाण्या, आपल्यात पाणी पाजून नुसतं सोडून देतात का?

हसण्यावारी नेलं. पण खोटं कशाला लिहू, मग राहवलं नाही. मजलिशीत जाऊन वाडगा उचलला. आतून कोरडा होता. मेंढ्याच्या ओठांवरचे केस ओले होते.

२६ ऑक्टोबर

परवाना मिळाला, आणि माझं नशीब फुटलं. तारखा डिसेंबरच्याच. कागदपत्रं सगळी मला पाठ, म्हणून मीही बरोबर यायचं असं अबू माजिद म्हणतात. शिकार झाली की खलास, थेट घरी. मी सहरचं सांगितलं. त्यांनी खांद्यावर हात ठेवला, इंशाल्ला म्हणाले आणि उंटाच्या शर्यतीचा व्हिडिओ दाखवू लागले. रागानं अंगाचा तिळपापड झाला, पण बोलतो कुणाला?

आणि एक. मेंढ्याची मान. पहिल्या दिवशी ती खाली होती, मी वर लिहून ठेवलंय. आज वर आहे. चाचांना दाखवलं. दारातूनच बघून ते मागे फिरले. त्यांनी मजलिशीत जाणंच सोडलंय.

५ नोव्हेंबर

घशाला कोरड पडते. साधी नाही. बाटल्यांवर बाटल्या रिचवतो आणि वाळू गिळल्यासारखं वाटतं. दवाखान्यात साखर तपासली, चांगली निघाली. डॉक्टर मल्याळी होता, म्हणाला, नवीन माणसाला इथली हवा लागते, पाणी पीत जा. अरे, तेच तर करतोय!

सकाळी जाग आली तर उशाशी स्टीलचा वाडगा. काठोकाठ भरलेला. चाचांना विचारलं. त्यांनी ठेवलेला नाही. या घरात आम्ही दोघंच.

पाण्याला वास होता. बर्फाचा. बर्फाला वास असतो हे मला आजच कळलं.

ओतून टाकलं.

१४ नोव्हेंबर

आता रोज सकाळी असतो. रोज ओततो. दार आतून लावून झोपलो तरी असतोच. इतर कुठलंही पाणी तोंडात कडू होतं. या पाण्याकडे नुसतं बघितलं तरी घसा ओला होतो, हेच भयंकर आहे.

आज उठलो तेव्हा डाव्या कुशीवर होतो. खाट फिरलेली. तोंड किबल्याकडे. दोन्ही मनगटांवर आणि डाव्या घोट्यावर दोरीचे वळ. उजवा पाय मोकळा.

अब्बांच्या हातची गाठ मी ओळखतो. वळसुद्धा तसेच होते.

आता मला कळतंय. मी त्याला पाणी पाजलं, त्यानं मान वर करून होकार दिला, आणि मी सुरी आणलीच नाही. त्याचं अर्धं राहिलं. आता ते मला पाजतंय.

१९ नोव्हेंबर

अबू माजिदचे पाय धरले. खरंच धरले. म्हटलं, मला घरी जाऊ द्या, पगार नको, काही नको. कंपनीतल्या लोकांना बाहेर जायचा परवाना मोबाईलवर स्वतःलाच काढता येतो. माझा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, घरनोकराचा, कफीलनं बटण दाबल्याशिवाय मी हद्द ओलांडू शकत नाही. परदेशी जाणाऱ्या अख्ख्या टोळीचे परवाने मी काढले आणि माझा मला काढता येत नाही! त्यांनी बटण दाबलं, पण पामीरपुरतं. जेद्दाहून विमान. पासपोर्ट सगळे त्यांच्याच बॅगेत. प्रेमानं म्हणाले, थकलायस, डोंगराची हवा तुला मानवेल.

सहरला काही सांगितलं नाही. तिनं विचारलं, आवाज असा का बसलाय. म्हटलं, एसी.

२४ नोव्हेंबर

ठरवलं, उरलेलं काम पुरं करायचं. चाचांनी सुरीला धार लावून दिली आणि स्वतः दाराबाहेर उभे राहिले. भर दुपारी मजलिशीत गेलो. सुरी पाठीमागे लपवली, अब्बांनी शिकवलं तशी. मेंढा किबल्याकडे वळवला. बिस्मिल्ला, अल्लाहु अकबर. सुरी फिरवली.

पेंढा निघाला. तारा निघाल्या. बस, एवढंच.

चाचा बाहेरून रडत म्हणाले, मेलेल्याला जबा करता येत नाही रे हाशिर, आता फार उशीर झाला.

डोकं खाली पडलं ते माझ्याकडे तोंड करूनच. ओठ अजून ओले.

६ डिसेंबर, पामीर

मुनाफचाचा या वेळी आले नाहीत. गुडघ्यांचं निमित्त सांगितलं. निघताना मला मिठी मारून लहान मुलासारखे रडले, आणि मग म्हणाले, त्या भांड्यातलं काही झालं तरी पिऊ नकोस.

बर्फ. मातीची एक खोली, शेणाची शेकोटी. माझी बॅग उघडली. कपड्यांमध्ये वाडगा. भरलेला. एक कपडाही भिजलेला नाही.

८ डिसेंबर

तीन दिवस काही गिळता आलेलं नाही. वाटाड्या बर्फ वितळवून देतो, तोंडात घेतलं की ओकतो. ओठ फुटले. अबू माजिद म्हणतात, उंचीचा त्रास, विश्रांती घे. ते शिंगांच्या शोधात. मी खोलीत. खिडकीतून समोरच्या उतारावर मेंढे दिसतात, पुष्कळ. पळत नाहीत. ओळीनं उभे, तोंडं इकडे. वाटाड्यानं ते बघितले आणि माझ्याकडे बघायचं सोडून दिलं.

पुन्हा वळ. गाडी नाही, रस्ता बंद. जाणार कुठे —

वाडगा ओततो. वळून बघतो. भरलेला.

९ डिसेंबर, सकाळ

सहरला मुलगी झाली. दिवस भरायच्या आधीच. दोघी बऱ्या आहेत. अल्हम्दुलिल्लाह — अल्हम्दुलिल्लाह —

अबू माजिद सॅटेलाईट फोन ठेवून गेले. त्यांचेही डोळे भरले होते. माणूस वाईट नाही, त्यांना फक्त दिसत नाही. सहर परत फोन लावणार आहे, बाळाच्या कानाशी धरणार आहे. बाकी कुणाला अजान देऊ दिली नाही तिनं. माझ्यासाठी थांबलीय.

आवाज नाही. बोलून बघितलं. अल्ला — हवा निघते नुसती. जीभ लाकूड झालीय. बर्फ चघळला, बाहेर आला. आवाज नाही —

त्या पाण्यानं येईल. मला माहीत आहे.

चाचा, मी काय करू? पोरीच्या कानात बापाचा पहिला शब्द —

फोन वाजतोय.

एकच घोट. एक घोट घेऊन अजान देईन, मग काय व्हायचं ते —

घेतला. किती थंड. या अल्लाह, किती गोड. घसा सुटला, आवाज आला, अल्लाहु — आला आवाज! फोन उचलतो, पण हे काय, मान — मी करत नाही — मान आपोआप वर