चुन्याच्या खुणा

११ ऑक्टोबर १९६४
"मोजू नको वं, मोजलं का घटते." खळ्यावर राशीतली पोती मोजायला लागले की आई म्हणायची. मी हसायची.
वरवटच्या शाळेत लागल्यापासून, वीस वर्षं, दर आश्विनात सातपुड्यात जाऊन रानपिंगळे, ती रानातली छोटी घुबडं, मोजते. पहिल्या वर्षी चौदा. मग नऊ. गेल्या वर्षी तीन. आता हसू येत नाही.

१८ ऑक्टोबर
सरपणवाल्या पुंजाजीबरोबर डोंगरात. त्याची नजर अजून तीक्ष्ण. दिवसभरात एकच दिसला — भर उन्हात सालईच्या शेंड्यावर, शेपटी हलवत. गावातल्या पिंगळ्यासारखा लपत नाही, म्हणूनच भीती वाटते. जोडीदार नव्हता. ढोलीखाली पिसं.

२२ ऑक्टोबर
पुंजाजी सरपण टाकायला आला. म्हणाला, "अमावस्येच्या बळीसाठी पकडणारे फिरून राह्यले, बाई."
"एवढ्या रानात त्यांना ढोली सापडते कशी?"
तो तंबाखू मळत म्हणाला, "तुमी चुना लावता ना."
एकच ढोली दोनदा मोजू नये म्हणून लावते. वीस वर्षं.
"आधी काऊन नाही सांगितलं?"
"तुमी मास्तरीनबाई. तुमाले काय सांगाव?"

२५ ऑक्टोबर
ओलं फडकं घेऊन गेले. तीन झाडं पुसली. खरवडूनही पांढरं राहतंच. चौथी सालई त्या एकट्या पक्ष्याची. ढोलीचं तोंड कुऱ्हाडीनं मोठं केलेलं. आत काही नाही.


२९ ऑक्टोबर
शेजारच्या कौशल्याबाईंच्या लेकीचा, कोकिळाचा, ताप उतरत नाही. बारा दिवस झाले. पेज घेऊन गेले तर बाईंनी दारातच भांडं घेतलं. "आत नका येऊ." वीस वर्षांत पहिल्यांदा.

१ नोव्हेंबर
खामगावच्या दवाखान्यात न्यायचं का, विचारलं. "सांगनाऱ्या भगतानं उपाय सांगतला," एवढंच बोलल्या. डोळे सुजलेले. कोणता, हे विचारायचं मला धाडस झालं नाही.

२ नोव्हेंबर
भर दुपारी कौशल्याबाईंच्या भिंतीपलीकडून आवाज आला. दोन सुरांची हलकी शीळ, मध्ये थांबून पुन्हा. वीस वर्षं ऐकलेली. गावात ती कधीच नव्हती.
अमावस्या परवा. संध्याकाळी जाणार आहे. म्हणेन — पक्षी मला द्या, पोरीला आत्ताच्या गाडीनं मी खामगावला नेते. आणि चुना मी लावला होता, हेही सांगेन.
त्या नाही म्हणतील. त्यांच्या जागी मी असते, तर मीही दिला नसता.